धाडसी गोष्टीचा निर्माता: नाशिकमधून वेगळा सिनेमा कसा उभा करायचा

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले तेव्हा त्यांच्या कल्पनेवर पैसे लावायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली आणि दाण्याचा वेल होताना पडद्यावर दाखवला. भांडवलाचं दार त्या छोट्या फितीनं उघडलं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि १९१३ मध्ये आपली निर्मिती नाशिकला आणलेल्या या माणसाकडून इथल्या नव्या निर्मात्यानं पहिली शिकायची गोष्ट हीच. लोक न पाहिलेल्या गोष्टीवर पैसे लावत नाहीत. म्हणून आधी थोडं दाखवा, पैसे मग मागा.

पुढचं सगळं अशा निर्मात्यासाठी आहे, ज्याला चाकोरीबाहेरची, अंगावर येणारी, कोणी हात लावत नाही अशी गोष्ट करायची आहे. मराठीत ‘बोल्ड’ म्हटलं की लोकांना फक्त अंगप्रदर्शन आठवतं, तो अर्थ इथे नाही. जात, देव, जमीन, बाईचा निर्णय, दोन पुरुषांचं प्रेम, म्हातारपणातली वासना, कर्ज यांपैकी कशावरही सरळ नजर ठेवणारी गोष्ट म्हणजे धाडसी गोष्ट. अशा गोष्टीचं धाडस पटकथेत आणि अभिनयात राहू द्यावं. करार, हिशेब, परवानग्या आणि जेवणाची वेळ यांत अजिबात धाडस करू नये. असे सिनेमे सहसा कथेमुळे बंद पडत नाहीत. एका वारसाची सही राहिलेली असते, नाहीतर अठराव्या दिवशी पैसे संपलेले असतात.

गोष्ट निवडताना: धोक्याची यादी

पटकथेचा पहिला पूर्ण खर्डा हातात आला की दिग्दर्शकाबरोबर बसून प्रसंगागणिक एक तक्ता करा. रकाने सहा: कायदा आणि बदनामी, धर्म व जात, शरीर व जवळीक, लहान मुलं, प्राणी, व्यसन. ज्या प्रसंगात यातलं काही येतं तिथे खूण करा. मग प्रत्येक खुणेपुढे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हा प्रसंग काढला तर गोष्ट उभी राहते का?

उभी राहत असेल तर तो प्रसंग तुमच्यासाठी लढण्याचा नाही. आत्ताच काढा किंवा सौम्य करा. ज्याच्याशिवाय गोष्ट कोसळते असे प्रसंग साधारण तीन-चारच निघतात. तुमची सगळी ताकद, वकिलाची फी आणि प्रमाणन मंडळापुढचा (सेन्सॉर बोर्डापुढचा) युक्तिवाद त्यांच्यासाठी राखून ठेवा. पंचवीस ठिकाणी भांडणारा निर्माता शेवटी मुख्य ठिकाणीही हरतो, कारण समितीपुढे त्याच्याकडे नेमकं सांगण्यासारखं काही उरत नाही.

हा तक्ता पटकथेच्या प्रत्येक खर्ड्याबरोबर बदलत राहतो. तो पुढे विमा, वकील, बालकलाकारांची परवानगी आणि वेळापत्रक या सगळ्यांना लागतो.

हक्क

नाशिकच्या निर्मात्याला कथा शोधायला फार लांब जावं लागत नाही. कुसुमाग्रज इथले, बाबुराव बागूल इथे राहिले. १९३० मध्ये सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथला. पण जवळच्या साहित्याबाबतच ‘विचारलंय, हो म्हणाले’ या तोंडी शब्दावर काम सुरू होतं, आणि नेमकं तिथेच फसतं.

भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं टिकतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचे हक्क २०५९ संपेपर्यंत शाबूत आहेत. बागूल २००८ मध्ये गेले, त्यांचे २०६८ अखेरपर्यंत. मुदत किती उरली आहे एवढं कळून भागत नाही. आज हक्क कोणाकडे आहेत, हे शोधा. मृत्युपत्र आहे का? वारस किती? एखाद्या न्यासाकडे दिलेत का? चित्रपटाचे हक्क आधीच कोणाला विकले आहेत का? नाटकाच्या बाबतीत प्रयोगाचे हक्क एकाकडे आणि चित्रपटाचे दुसऱ्याकडे असू शकतात. दिवाळी अंकात आलेल्या कथेचे हक्क बहुधा लेखकाकडेच राहतात, पण संपादकाशी काही लेखी ठरलं होतं का ते विचारून घ्या. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. परदेशी राहणाऱ्या भावाची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून सोडलेली असते आणि सिनेमा विकायला काढला की तीच आडवी येते.

हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय कायद्याच्या नजरेत ते झालेलंच नसतं. त्यात तीन बारकावे आहेत. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसेल तर, तो संपुष्टात येतो. सिनेमा उभा राहायला तीन-चार वर्षं सहज जातात, त्यामुळे हे तिन्ही मुद्दे करारात स्पष्ट हवेत: ‘जगभर, सर्व माध्यमांत, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ आणि ‘न वापरल्यास हक्क संपणार नाही’.

सगळी रक्कम एकदम नसेल तर आधी ऑप्शन करार करा. थोडी रक्कम देऊन बारा किंवा अठरा महिने हक्क राखून ठेवायचे, आणि पूर्ण खरेदीची किंमत त्याच कागदावर आजच लिहायची. ती किंमत मोकळी ठेवली तर मोठा कलाकार हो म्हणाला त्या दिवशी ती तिप्पट होते.

खऱ्या घटनेवर काम असेल तर न्यायालयाचा निकाल आणि सार्वजनिक दप्तरातली नोंद हा तुमचा भक्कम पाया. त्यापलीकडचं खाजगी आयुष्य वापरायचं तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. बातमीतली वस्तुस्थिती कोणाच्या मालकीची नसते, बातमीची वाक्यं मात्र असतात. पात्रांची नावं ठरली की नाव, आडनाव, गाव आणि व्यवसाय या चौकडीत बसणारा खरा माणूस आहे का, हे तालुक्याच्या पातळीवर तपासा. निफाडमधला द्राक्ष बागायतदार आणि त्याच परिसरात गाजलेलं आडनाव, एवढं जुळलं तरी नोटीस येऊ शकते.

पटकथा लेखकाशीही पूर्ण करार हवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला लेखक, गीतकार आणि संगीतकाराचा वाटा करारानं काढून घेता येत नाही. तसं कलम घातलेला जुना नमुना कोणी दिला तर वापरू नका. लेखकानं पटकथेची नोंद स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे केलेली असावी. शीर्षकाची नोंद निर्मात्यांच्या संघटनेत करतात. मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. शीर्षक नोंदल्याशिवाय पोस्टर बाहेर काढू नका.

वाटाण्याचा वेल: नमुना फीत

पैसे मागायला जाण्याआधी चार ते सहा मिनिटांचा एक पूर्ण प्रसंग चित्रित करा. ट्रेलर नको. ट्रेलरमध्ये सगळ्यांचेच सिनेमे बरे दिसतात. तुमच्या धोक्याच्या यादीतले जे तीन-चार प्रसंग उरले, त्यांतला सगळ्यात अवघड निवडा. तो पडद्यावर सभ्यपणे आणि खरेपणानं उतरतो हे दिसलं की गुंतवणूकदाराची मुख्य भीती जाते. तो उतरत नसेल तर ते कळायलाही हीच वेळ स्वस्त आहे.

दोन दिवस, दहा-बारा माणसं, एक जागा, दोन-तीन कलाकार. स्थानिक माणसं आणि भाड्याचा कॅमेरा घेतला तर दीड ते दोन लाखांत काम बसवता येतं. ध्वनी मात्र नीट घ्या. धूसर चित्र लोक शैली समजून सोडून देतात, खरखरणारा आवाज कोणी सोडत नाही. फितीबरोबर एक पानाचा कथासार, दिग्दर्शकाचं दोन पानी टिपण आणि बजेटचा गोषवारा द्या.

पैसा

उदाहरण म्हणून ९६ पानांची पटकथा घेऊ. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, दिवसाला चार पानं, म्हणजे २४ दिवस. रात्रीच्या, पावसाच्या आणि गर्दीच्या प्रसंगांची पानं दीडपट मोजा आणि मग दिवस ठरवा. ८० लाखांचं बजेट, जीएसटी धरून, असं मांडता येईल: कथा, हक्क आणि पटकथा ५ लाख, कलाकार १२, तंत्रज्ञांचं मानधन साडेसतरा, कॅमेरा, लाइट, ध्वनी यांचं भाडं ९, कला, वेशभूषा आणि जागा ८, राहणं, जेवण, गाड्या साडेदहा, संकलन, ध्वनिमिश्रण, डीआय (रंगसंस्कार), संगीत ९, वकील, विमा, प्रमाणन २. झाले ७३. उरलेले ७ लाख आकस्मिक निधी.

या निधीला शूटिंगच्या पहिल्या आठवड्यात हात लावायचा नाही. ‘क्रेन एक दिवस घेऊ, आकस्मिकमधून भागवू’ असं पहिल्यांदा घडतं तेव्हाच शेवटच्या तीन दिवसांचे पैसे गेलेले असतात.

नाशिकचा फायदा राहण्याच्या रकान्यात दिसतो. ३५ जणांच्या युनिटमध्ये १५ जण नाशिकचे असतील तर २० जणांसाठी १० खोल्या लागतात. १,८०० रुपये दरानं २६ रात्रींचे ४ लाख ६८ हजार होतात. सगळे मुंबईहून आणले तर १८ खोल्या, ८ लाख ४२ हजार. फरक पावणेचार लाखांचा. जेवणाचे माणशी ४०० रुपयांनी २४ दिवसांचे ३ लाख ३६ हजार, तीन गाड्या रोजच्या साडेतीन हजारांनी अडीच लाख. जेवणात काटकसर करू नका. सकाळी सहाला कसारा घाट चढून आलेल्या माणसाला सातला गरम पोहे आणि चहा मिळाला नाही तर पहिला शॉट नऊशिवाय होत नाही. त्या दोन तासांची किंमत महिन्याभराच्या नाश्त्याहून जास्त असते.

आता वसुलीचा हिशेब. हा गुंतवणूकदाराला दाखवण्याआधी स्वतः करून पाहा. तिकीट १५० रुपये. शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, तो काढला की १२७ रुपये उरतात. त्यात चित्रपटगृहाचा निम्मा वाटा धरला तर साडेत्रेसष्ट, आणि वितरकाचं दहा टक्के कमिशन वजा जाता ५७ रुपये २० पैसे. ८० लाखांचा सिनेमा आणि ३० लाखांची जाहिरात, म्हणजे एक कोटी दहा लाख वसूल करायला जवळपास १ लाख ९२ हजार तिकिटं लागतात. दुसऱ्या आठवड्यापासून वाटा घसरतो, शिवाय डिजिटल प्रक्षेपणाचं स्क्रीनमागचं शुल्क वेगळं. चाकोरीबाहेरच्या सिनेमानं एवढ्या तिकिटांवर विसंबून राहू नये. सॅटेलाइट (टीव्हीचे हक्क), ओटीटी, परदेशी विक्री, महोत्सवांचे निधी आणि राज्य सरकारचं दर्जानुसार मिळणारं अनुदान असे पाच-सहा झरे कागदावर वेगवेगळे मांडा. त्यांतला एकही हमखास आहे असं धरू नका. अनुदान तर सिनेमा पूर्ण झाल्यावर येतं. त्याच्या भरवशावर शूटिंगसाठी व्याजानं पैसे उचलणं ही इथली सगळ्यात महागडी चूक आहे.

गुंतवणूकदार बहुधा ओळखीतले असतात: डॉक्टर, बागायतदार, बांधकाम व्यावसायिक. त्यांना ‘वर्षात दीडपट देतो’ असं कधीही लिहून देऊ नका. ठराविक परताव्याचं वचन देऊन लोकांकडून रक्कम घेतली की ती ठेव ठरू शकते, आणि अनियंत्रित ठेवींवर २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे. या एका सिनेमासाठी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा आणि भागीदारी स्पष्ट करा. पैसे परत येण्याचा क्रम लिहा: आधी विक्रीचा खर्च, मग गुंतवणुकीची मूळ रक्कम, मग थकवलेली मानधनं, मग नफ्याची वाटणी. ‘नफा’ म्हणजे काय, त्यातून कोणते खर्च वजा होतात, हे एका परिच्छेदात लिहिल्याशिवाय सही करू नका. मैत्री तुटते ती याच शब्दावरून. सगळे व्यवहार बँकेतून करा. वीस हजार किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीत घेता येत नाही आणि एका माणसाला एका दिवशी दहा हजारांवर रोख दिलेला खर्च आयकरात धरला जात नाही. मानधनावरचा टीडीएस पहिल्या महिन्यापासून भरा.

नाशिकची जागा, ऋतू आणि आवाज

रेकी, म्हणजे जागेची आधीची पाहणी, दोनदा करा. एकदा ज्या वेळी शूट आहे त्या वेळी, आणि एकदा आठवड्याच्या बाजाराच्या किंवा सणाच्या दिवशी.

ऋतू इथे पटकथेइतकाच महत्त्वाचा आहे. द्राक्षबाग एप्रिलच्या खरडछाटणीनंतर उघडी पडते, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पुन्हा बोडकी होते आणि जानेवारी ते मार्च घडांनी लगडते. बागेतले प्रसंग दोन शेड्यूलमध्ये तोडले तर तीच बाग ओळखू येत नाही. शिवाय फवारणीचे दिवस मालकाला विचारून घ्या. औषध मारलेल्या बागेत युनिट उभं करू नका. उन्हाळी कांद्याचे ढीग मार्च-एप्रिलमध्ये शेतात दिसतात, नंतर तो चाळीत जातो. लासलगावच्या लिलावाची खरी गर्दी हवी असेल तर बाजार समितीची परवानगी घ्या, आणि लिलाव बंद राहण्याची शक्यता धरून एक राखीव दिवस ठेवा. इगतपुरीला पाऊस दाखवायला जाल तर तो ठरलेल्या वेळी थांबणार नाही, म्हणून त्याच परिसरातला एक घरातला प्रसंग कायम तयार असू द्या.

गोदावरीची पातळी गंगापूर धरणाच्या विसर्गावर हलते. पावसाळ्यात सकाळी कोरड्या असलेल्या पायरीवर दुपारी पाणी असतं. नाशिककर पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. कंटिन्युइटी (शॉटांमधली सलगता) पाहणाऱ्या सहायकानंही प्रत्येक शॉटआधी त्याचा फोटो घ्यावा. २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा असल्यानं रामकुंड, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर परिसरातली कामं आणि बंदोबस्त धरून चला. घाटावरचे प्रसंग शक्य असतील तर नदीकाठच्या दुसऱ्या गावात हलवा.

परवानग्यांसाठी राज्याची एक खिडकी व्यवस्था महाराष्ट्र फिल्म सेलकडे आहे, ऑनलाइन अर्ज तिथे करा. तरीही त्या जागेवर प्रत्यक्ष कोणाची हद्द आहे ते माहीत असावं. शहरात पोलीस आयुक्तालय आणि महानगरपालिका. शहराबाहेर नाशिक ग्रामीण पोलीस अधीक्षक आणि ग्रामपंचायत. धरणाच्या भिंतीवर जलसंपदा विभाग. अंजनेरी राखीव संवर्धन क्षेत्र आहे, तिथे वन विभाग. पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वर मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, त्यांचा अर्ज काही महिने आधी करावा लागतो. नाशिकरोड स्थानक मध्य रेल्वेकडे. खाजगी वाड्यात मालक आणि भाडेकरू दोघांच्याही सह्या घ्या, आणि भिंतीला रंग दिला तर तो पुन्हा कोणी, कधी, कुठला द्यायचा हेही लिहा.

अर्जात कथासार खरा द्या. ‘कौटुंबिक चित्रपट’ लिहून आत वेगळंच शूट केलं की परवानगी रद्द होतेच, आणि तो तालुका पुढच्या दहा निर्मात्यांना बंद होतो. अवघड विषय असेल तर सरपंच आणि पोलीस पाटलांना शूटिंगआधी भेटा, प्रसंग काय आहे ते सरळ सांगा. गावाला अंधारात ठेवलं तर अफवा तुमच्या जनरेटरच्या आधी पोचते.

ड्रोनचा स्वतंत्र विचार करा. देवळाली छावणी, नाशिकरोडचे नोटांचे आणि सुरक्षा मुद्रणाचे छापखाने, गांधीनगरचा लष्करी विमानतळ, ओझरचा विमानतळ यांमुळे नाशिकच्या आकाशाचा मोठा भाग मोकळा नाही. ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर जागा टाकून रंग पाहा. हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आणि रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तिथे पक्ष्यांवर ड्रोन नेऊ नका. अशा सिनेमाला आकाशातून घेतलेला शॉट लागतोच असंही नाही.

सिंक साउंड (सेटवरच मूळ आवाज घेणं) करणार असाल तर आवाजाची रेकी वेगळी करा. ओझरच्या बाजूला विमानांच्या सरावाच्या वेळा, पंचवटीत आरतीचे भोंगे, खेड्यात पाण्याच्या मोटारी. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज ठरलेल्या पाळीनंच येते. ती आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, दाब पडतो, दिवे लुकलुकतात आणि ध्वनीत घरघर शिरते. त्या आठवड्याचं वेळापत्रक वायरमनकडून घ्या, सायलेंट जनरेटर किमान शंभर मीटरवर आडोशाला ठेवा. प्रत्येक जागेची एक मिनिटाची निव्वळ शांतता ध्वनिमुद्रित केल्याशिवाय ती जागा सोडू नका.

कॅमेऱ्यासमोरची माणसं

जवळिकीचा किंवा हिंसेचा प्रसंग सेटवर ठरवायचा नसतो. कलाकाराच्या कराराला जोडपत्र लावा: नेमकं काय दिसेल, काय दिसणार नाही, कोणता कपडा अंगावर राहील, सेटवर कोण असेल, मॉनिटर कोण पाहील, आणि ते चित्रण प्रसिद्धीत वापरायचं की नाही. प्रसंगाची हालचाल नृत्यासारखी पावलागणिक बसवून तालमीत करा. ऐनवेळी वेगळं सुचलं तर ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा आणि पुन्हा संमती घ्या. कलाकारानं नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. दहा किंवा अधिक माणसं कामावर असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्यानं बंधनकारक आहे. समितीच्या सदस्यांचे फोन नंबर रोजच्या कॉल शीटवर (दिवसाच्या कामाच्या कागदावर) छापा.

बालकलाकार असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी शूटिंगआधी घ्या. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. म्हणजे मूल असलेल्या दिवशी चार पानं होत नाहीत, अडीच होतात. वेळापत्रकात तेवढीच धरा. धाडसी गोष्टीत मूल असेल तर प्रौढ प्रसंग आणि मुलाचे शॉट वेगळ्या दिवशी घ्या, संकलनात जोडा. मुलाला संवादाचा अर्थ लपवून अभिनय करून घेऊ नका.

बैलजोडी, घोडा, बकरी, कुत्रा, काहीही वापरणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते आणि त्यांचा दाखला प्रमाणनाच्या वेळी द्यावा लागतो. शूटिंग झाल्यावर आठवलं तर तो शॉट संगणकावर पुन्हा बनवायचा किंवा टाकून द्यायचा, एवढेच मार्ग उरतात. रस्त्यावरून योगायोगानं गेलेली गाय वेगळी आणि तुम्ही दोरीनं आणलेली गाय वेगळी, म्हणून मोकळ्या जागेचे न कापलेले टेक जपून ठेवा.

डेटा

थोडक्यात सांगता येतं, पण टाळता येत नाही. तासाला ३०० जीबी चित्रण आणि दिवसाला तीन तास धरले तर रोज ९०० जीबी, २४ दिवसांत जवळपास २२ टीबी. प्रती तीन, माध्यमं दोन, त्यातली एक प्रत दुसऱ्या इमारतीत. कॉपी चेकसमसह (प्रत मुळाबरहुकूम आहे का हे तपासणाऱ्या आकड्यासह) करा. कार्ड पुसण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या, आणि तोही दुसरी प्रत तपासल्यानंतर. तिन्ही डिस्क एकाच गाडीतून मुंबईला पाठवू नका.

प्रमाणपत्र, टीव्ही आणि ओटीटी

चित्रपटगृहासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. २०२४ च्या नियमांनंतर वर्ग असे: यू (सर्वांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ (त्या वयाखालच्यांसाठी पालकांच्या मार्गदर्शनाचे), ए (प्रौढांसाठी) आणि एस (ठराविक व्यावसायिक गटासाठी). अर्ज करण्याआधीच तुमचा सिनेमा कुठल्या वर्गात बसतो ते प्रामाणिकपणे ठरवा. प्रौढांसाठीचा सिनेमा यूएमध्ये बसवण्याचा हट्ट धरला की कापणी सुरू होते. ए प्रमाणपत्र घेऊन गोष्ट अखंड ठेवणं बहुतेक वेळा बरं. मात्र ए सिनेमा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि सॅटेलाइटची किंमत त्यानुसार पडते. हे गुंतवणूकदारांना बजेटच्या दिवशीच सांगा.

तपासणी समितीनं कट सुचवले आणि ते मान्य नसतील तर फेरतपासणी समिती, त्यानंतर उच्च न्यायालय. मधलं अपिलीय न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झालं, म्हणून वादाला लागणारा वेळ आणि पैसा वाढला आहे. प्रदर्शनाची तारीख जाहीर करण्याआधी अर्ज आणि निकाल यांत भरपूर अंतर ठेवा; तारीख जाहीर केलेला निर्माता वाटाघाटीत कमकुवत असतो. समितीपुढे जाताना मूळ तीन-चार प्रसंगांची प्रत्येकी एक पानाची बाजू लिहून न्या: संदर्भ काय, पात्र ते का बोलतं, त्यामागची नोंद किंवा निकाल कुठला. आणि शूटिंगच्या वेळीच त्या प्रसंगांचा एक जास्तीचा कोन घ्या. संवाद आणि पार्श्वध्वनी वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, म्हणजे एक शब्द बदलायचा झाला तर अख्खा प्रसंग मरत नाही.

पात्र विडी ओढत असेल किंवा तंबाखू मळत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्य सूचना, २० सेकंदांचं दृक्श्राव्य निवेदन, आणि त्या प्रसंगात पडद्यावर इशारा हवा. ज्या पात्राची तंबाखू गोष्टीला लागत नाही, त्याच्या हातातून ती पटकथेतच काढा. पडद्याच्या तळाशी पट्टी आली की शांत प्रसंगाची नजर तिकडे जाते.

ओटीटीला मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही; २०२१ च्या नियमांनुसार मंच स्वतः वयोगट ठरवतो. तरी प्रत्येक मंचाचा कायदेशीर विभाग तुमची हक्कांची फाइल मूळ सहीपासून मागतो. मालिकेचं गणित आणखी वेगळं. वाहिनीसाठी मालिका करणारा निर्माता बहुतेक करारांत एपिसोडमागे ठरलेल्या रकमेवर काम करतो आणि हक्क वाहिनीकडे जातात. म्हणून वेगळी कल्पना वाहिनीकडे नेताना पात्रांचं टिपण, पहिल्या दहा भागांची रूपरेषा आणि एक पूर्ण भाग लिहून न्या, आणि कल्पना सोडून दिल्यास ती किती महिन्यांनी तुमच्याकडे परत येईल हे कलम मागा. ते सुरुवातीलाच मागितलं तर मिळू शकतं.

महोत्सव आणि प्रदर्शन

साबर बोंडं या मराठी सिनेमाला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सन्डान्स महोत्सवाचा जागतिक विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. गावाकडच्या दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट मराठीतच सांगून जगापर्यंत जाते, हे गुंतवणूकदाराला दाखवायला याहून चांगला दाखला नाही. पण महोत्सवांचा एक नियम विसरू नका: मोठ्या ठिकाणी पहिलं प्रदर्शन लागतं. नाशिकच्या मित्रांसाठी तिकीट लावून शो केला किंवा यूट्यूबवर टाकला की ती संधी जाते. तोपर्यंत फक्त निमंत्रितांचे बंद शो करा. गोव्याच्या फिल्म बाजारात रफ कट स्वीकारणारे विभाग असतात, तिथे संकलन सुरू असतानाच अर्ज करा. सबटायटल्स भाषांतर जाणणाऱ्या माणसाकडून करून घ्या. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालेगावकडची हिंदी बोलणारी पात्रं सबटायटल्समध्ये सपाट झाली तर अर्धा सिनेमा हरवतो.

प्रदर्शनाला सुरुवातीला कमी स्क्रीन घ्या. नाशिक, पुणे, ठाणे आणि मुंबईतले मोजके पडदे, संध्याकाळचा एकच ठाम खेळ. शंभर पडद्यांवर सकाळी नऊचा खेळ मिळणं म्हणजे शुल्क भरून रिकाम्या खुर्च्या घेणं. पहिल्या तीन दिवसांत दिग्दर्शक आणि कलाकार प्रत्येक शहरात एका खेळाला हजर राहतील असं आधीच ठरवा.

प्रदर्शन झालं की फाइल बंद करू नका. फाळक्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज पाहायला उरलेले नाहीत. अंतिम डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत), रंगसंस्कार केलेला मास्टर, वेगळे ध्वनी ट्रॅक, सबटायटल्स, सर्व करार आणि न कापलेली आवृत्ती यांची एक प्रत निर्मात्याकडे, एक दुसऱ्या शहरात ठेवा आणि एक पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे देण्यासाठी पत्र लिहा. बंद ठेवलेल्या हार्ड डिस्क दर सहा महिन्यांनी चालू करून फाइल उघडतात का ते पाहा, तारीख डिस्कवर चिकटवा आणि पाच वर्षांनी नवीन डिस्कवर उतरवून घ्या.